वापरलेले बूट ऑनलाइन विकायचे आहेत: फोटोत रंग खरा कसा यावा आणि काय काय दाखवावे?

प्रश्न (लालबागहून)

नमस्कार मंडळी,

घरात वापरलेल्या बुटांचे चार जोड पडून आहेत आणि ते ऑनलाइन विकावेत असे आम्ही ठरवले आहे. मुलाचा पाय वर्षभरात दोन नंबरांनी वाढला, त्यामुळे त्याचे पांढरे स्पोर्ट्स शूज आणि फुटबॉलचे स्टड्स जेमतेम सहा महिने वापरले गेले. यजमानांचे टॅन रंगाचे चामडी बूट आणि काळे लोफर्स आहेत. जोड चारही चांगले आहेत, पण त्यांचे फोटो मला चांगले काढता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात टॅन बुटांसाठी ठाण्याहून एक गृहस्थ दादर स्टेशनवर आले होते. जोड हातात घेताच, ‘फोटोत हा गडद चॉकलेटी दिसत होता, मला तसाच हवा होता,’ असे म्हणून त्यांनी तो परत केला. त्यांचे काहीच चुकले नाही. संध्याकाळच्या गर्दीत एका माणसाला उगाच एवढ्या लांब यायला लावले, याचे मला फार वाईट वाटले. पांढरे बूट फोटोत निळसर करडे दिसतात, धुऊनही न धुतल्यासारखे. काळ्या लोफर्सचा तर नुसता काळा गोळा येतो आणि त्यावरची शिवण अजिबात दिसत नाही.

आमची खोली चाळीत आहे. उत्तरेचा उजेड फोटोला सर्वांत चांगला असतो असे ऐकले होते आणि आमची गॅलरी उत्तरेकडेच आहे, म्हणून मी तिथे फोटो काढते. सध्या पावसाची झड आत येऊ नये म्हणून गॅलरीला प्लास्टिक बांधले आहे. त्यामुळे उजेड कमी पडतो आणि मला खोलीतली ट्यूबही लावावी लागते. बूट खाली मोझॅकच्या फरशीवर ठेवते. फोन साधा, तीन वर्षांपूर्वीचा आहे. वेगळा कॅमेरा किंवा दिवे घेण्याइतका हा व्यवहार मोठा नाही. आहे त्या साधनांत काय करता येईल, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (गिरगावहून)

ताई, गॅलरीला बांधलेले प्लास्टिक निळे आहे का? असेल, तर तुमच्या अडचणीचे निम्मे कारण तेच आहे. जून उजाडला की आमच्याही चाळीच्या गॅलऱ्या निळ्या ताडपत्रीआड जातात, आणि आपल्या डोळ्यांना त्या उजेडाची इतकी सवय होते की तो निळा आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. टॅन हा मुळात नारिंगीकडे झुकणारा रंग आहे. निळ्या उजेडात नारिंगी भाग फारच कमी असल्याने त्या उजेडात टॅन चामडे काळपट चॉकलेटी दिसते आणि पांढऱ्यावर निळी झाक येते. ठाण्याच्या गृहस्थांनी फोटोत जो रंग पाहिला, तो तुमच्या ताडपत्रीतून आलेला होता.

फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग ओळखून तो आपोआप दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो, परंतु ही दुरुस्ती सबंध फोटोला एकच लागू होते. तुमच्याकडे बुटाच्या एका बाजूवर ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड पडतो आणि दुसऱ्या बाजूवर ट्यूबचा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दिवसाचा उघडा उजेड साधारण ५५०० केल्विन, पांढरी ट्यूब बहुधा ६५००, तर पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो. असे दोन उजेड एकाच वस्तूवर पडले की एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते, आणि नंतर कोणत्याही ॲपमध्ये ते पूर्णपणे निस्तरता येत नाही. म्हणून ट्यूब बंद ठेवावी, पाऊस थांबलेल्या वेळी ताडपत्री पूर्ण गुंडाळून वर बांधावी आणि फक्त आभाळाच्या उजेडात फोटो काढावेत. ढगाळ दिवसाचा उजेड कमी वाटला तरी तो मऊ असतो, त्याने कडक सावल्या पडत नाहीत, आणि फोन एखाद्या डब्याला टेकवून टायमरवर ठेवला तर हात हलण्याचा प्रश्नही राहत नाही.

उत्तरेच्या उजेडाबद्दल तुम्ही जे ऐकले ते खोटे नाही, पण तो नियम आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या देशांत तयार झालेला आहे. मुंबई साधारण १९ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हे तर या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीत हमखास येतात. ऊन थेट बुटावर पडत असेल, तर कठड्याला जुन्या पांढऱ्या धोतराचा एकेरी पदर बांधावा. कापड मात्र पांढरेच असावे, नाहीतर ताडपत्रीचीच गोष्ट पुन्हा घडेल. याच कारणाने बूट रंगीत भिंतीला लागून ठेवू नयेत. पोपटी ऑइलपेंटच्या भिंतीशेजारी ठेवलेला पांढरा बूट फोटोत हिरवट येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आता काळ्या लोफर्सविषयी. मोझॅकची फरशी उजळ आणि ठिपक्याठिपक्यांची असते. कॅमेरा त्या फरशीप्रमाणे उजेड ठरवतो आणि बूट अंधारात जातो. स्क्रीनवर बुटाच्याच जागी बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनमध्ये सूर्याचे छोटे चिन्ह येते, आणि ते वर सरकवले की उजेड वाढतो. पांढऱ्या बुटांचे कारण वेगळे आहे, उपाय मात्र तोच. समोर सगळे पांढरेच दिसले की हा उजेड जास्त झाला असे समजून कॅमेरा ते करड्यावर आणतो, म्हणून तिथेही चिन्ह थोडे वर न्यावे आणि कापडाची वीण दिसेनाशी होण्याआधी थांबावे. काळ्या चामड्याला याखेरीज आणखी एक गोष्ट लागते. काळ्या वस्तूचा आकार तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबावरून कळतो. गॅलरीच्या विरुद्ध बाजूला, बुटापासून वीतभर अंतरावर पांढरा कार्डपेपर उभा करावा. बुटाच्या नाकापासून टाचेपर्यंत एक मऊ पांढरी रेघ उमटेल आणि तिच्या कडेची शिवण टाका टाका मोजता येईल इतकी स्पष्ट दिसेल.

शेवटचा मुद्दा अंतराचा. फोनचा मुख्य कॅमेरा बराच रुंद पाहणारा असतो, त्यामुळे हातभर अंतरावरून फोटो काढला की बुटाचे नाक फुगते आणि टाच बारीक होते, आणि घेणाऱ्याला बुटाची ठेवणच चुकीची कळते. चार-पाच फूट मागे जाऊन दुप्पट झूम करावे आणि फोन बुटाच्या उंचीवर आणावा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कोणताही बूट बुटका आणि बसका दिसतो. आणि सुरुवात करण्यापूर्वी लेन्स सुती कापडाने पुसावी. स्वयंपाकघरात वापरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतो आणि फोटोभर धुरकटपणा येतो.

उत्तर २ (कुर्ला पूर्व, ठक्कर बाप्पा कॉलनीजवळून)

उजेडाचे वरच्या उत्तरात नीट आले आहे. आमच्या घरात बुटांचे काम पिढीजात चालते, म्हणून बुटाच्या बाजूने थोडे लिहितो.

गिऱ्हाईक दुकानात जुना जोड हातात घेतो तेव्हा तो काय करतो, हे आठवून बघा. आधी तो बूट उलटा करून तळ पाहतो. मग टाचेकडून डोळ्यांसमोर धरून टाच एका बाजूला झिजली आहे का ते पाहतो, चवड्यापाशी वाकवून वळ्या पाहतो, आत बोटे घालून सुखतळा चाचपतो, आणि शेवटी नाड्यांखालच्या जिभेवरचा नंबर वाचतो. यातले काहीही त्याला ऑनलाइन करता येत नाही, म्हणून त्याचे हात जे करतील ते सगळे तुमच्या फोटोंनी केले पाहिजे. बहुतेक लोक वरून तीन-चार सुंदर फोटो टाकतात आणि तळाचा एकही टाकत नाहीत. मी स्वतः तळाचा फोटो नसलेला जोड घेत नाही.

तळाचा फोटो काढताना उजेड समोरून नको, बाजूने तिरपा घ्या, म्हणजे खाचांमध्ये सावली पडते आणि त्या किती खोल उरल्या आहेत ते दिसते. दोन्ही तळ शेजारी शेजारी ठेवा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त झिजवतो. टाचेचा फोटो जोड सपाट पाटावर ठेवून बरोबर मागून घ्या. टाच आत किंवा बाहेर कलली असेल तर पाटाच्या सरळ रेघेमुळे ते लगेच कळते. चवड्याच्या वळ्यांनाही बाजूचा उजेड द्यावा. समोरच्या उजेडात वळ्या पुसल्यासारख्या दिसतात आणि पुढे हातात जोड आल्यावर घेणाऱ्याला फसवले गेल्यासारखे वाटते.

फोटोआधीच्या साफसफाईत घाई करू नका. तळाच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढा, नाड्या काढून वेगळ्या धुवा आणि दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या राहतील अशा ओवा. बूट आतून भरा, म्हणजे त्याचा मूळ आकार उभा राहतो, परंतु त्यासाठी वर्तमानपत्र वापरू नका. दमट हवेत त्याची शाई पांढऱ्या अस्तराला लागते आणि हे डाग जाता जात नाहीत. कोरा कागद किंवा जुने सुती कापड चालेल. ओले चामडे कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, त्याने ते तडकते आणि तळाचा चिकटपणा सुटतो.

पावसाळ्यात चामड्यावर बुरशीची पांढुरकी पूड येते. ती घरात न झटकता गॅलरीत कोरड्या कापडाने पुसा, जोड पंख्याखाली ठेवा आणि लगेच फोटो काढू नका. चार दिवसांनी पुन्हा पाहा. बुरशी परत आली असेल, तर तो जोड अजून विकण्याजोगा झालेला नाही.

आता एक गोष्ट जी फोटोत कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच सांगणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच बुटांचे तळ पॉलियुरेथेनच्या फोमचे असतात, आणि हवेतल्या ओलाव्याने हा फोम आतून हळूहळू तुटत जातो. बूट वापरलेला असो किंवा खोक्यात नवा कोरा असो, काही वर्षांनी तो बाहेरून ठीक दिसतो आणि घालून चालल्यावर तळाचे तुकडे पडतात. मुंबईच्या हवेत हे लवकर घडते. मी एकदा पाच-सहा वर्षे कपाटात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट विकले. फोटो उत्तम होते. घेणारा ते घालून लोहगडावर गेला आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या पायाखालून तळ निघाला. मी पैसे परत केले, पण त्याचा तो दिवस मला परत करता आला नाही. तेव्हापासून फोटो काढण्यापूर्वी मी प्रत्येक तळ अंगठ्याने दाबून आणि चवड्यापाशी वाकवून पाहतो. फोम चिकट लागला, भुगा पडला किंवा बारीक भेगा उघडल्या, तर तो जोड विकत नाही. बूट किती वर्षांपूर्वी घेतला, हेही मी फोटोखाली लिहितो.

उत्तर ३ (विलेपार्ल्याहून)

नंबराबद्दल थोडेसे. ब्रिटिश मापात एका नंबराचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असते, तर युरोपीय मापात ते दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेसात मिलिमीटर असते. त्यामुळे दोन मापांचे तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि प्रत्येक कंपनीचा साचाही निराळा असतो. जिभेवरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो द्यावाच, परंतु सुखतळा निघत असेल तर तो बाहेर काढून मोजपट्टीशेजारी सपाट ठेवावा आणि बरोबर वरून फोटो घ्यावा. तिरकस घेतल्यास माप अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे वाचले जाऊ शकते. त्याच फोटोत सुखतळ्यावर उमटलेला पायाचा ठसाही दिसतो, आणि जोड किती वापरला याचा तो सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे.

एका चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख लिहून ती एका फोटोत बुटाशेजारी ठेवावी, म्हणजे फोटो तुमचाच आहे आणि जोड तुमच्याकडेच आहे याची घेणाऱ्याला खात्री पटते. कंपनीच्या संकेतस्थळावरचा फोटो कधीही लावू नये. फोनच्या कॅमेऱ्यातली स्थान नोंदवण्याची सोय बंद ठेवावी, आणि मागे दारावरची पाटी किंवा चाळीचे नाव येत नाही ना, तेही पाहावे.

प्रश्नकर्ती (लालबागहून)

सर्वांचे मनापासून आभार. ताडपत्री निळीच आहे. गेली तीन वर्षे ती दर पावसाळ्यात बांधतो आहोत, पण तिचा बुटांच्या रंगाशी संबंध असेल असे मनातही आले नव्हते.

काल सकाळी नऊच्या सुमारास पाऊस उघडला तेव्हा ती गुंडाळली, ट्यूब बंद केली आणि टॅन जोड शहाबादी फरशीच्या एका सुट्या तुकड्यावर ठेवला. ही फरशी आजेसासूबाईंच्या काळात मसाला वाटायच्या जागी होती आणि आता गॅलरीत कुंड्यांखाली असते. तिचा करडा, खरखरीत पृष्ठभाग फोटोत फार चांगला दिसला. बुटाचा रंग तर हुबेहूब आला; फोन बुटाशेजारी धरून मी दोन्ही रंग पडताळून पाहिले. उजव्या बुटाच्या नाकाजवळ नखाएवढा ओरखडा आहे. तो यजमानांच्या कधी लक्षातही आला नव्हता, आणि जवळून काढलेल्या फोटोत मात्र ठळक दिसतो. त्यावर टॅन पॉलिश लावून मग फोटो काढावा असे यजमान म्हणतात. मला ते पटत नाही, पण जोड पॉलिश न करता विकायला काढणेही बरे दिसत नाही. या बाबतीत तुमचे मत काय?

दुसरे म्हणजे, काळ्या लोफर्सवर पांढरी रेघ उमटली खरी, पण त्यात गॅलरीच्या कठड्याचे गजही दिसतात.

उत्तर १ (गिरगावहून)

गज दिसतात, कारण लोफर्सचे चामडे गुळगुळीत आहे आणि समोर जे असेल ते सगळे त्यात उमटते. मघाशी सांगितलेला धोतराचा पदर इथे ऊन नसतानाही बांधा. गजांच्या जागी एक सलग पांढरा पृष्ठभाग येईल. तुम्ही स्वतः गडद कपडे घाला, नाहीतर तुमचाही आकार त्यात येईल. फोनमध्ये फोटो आपोआप खुलवणारी सोय चालू असेल तर तीही बंद करा. ती रंग भडक करते आणि चामड्याचा पोत गुळगुळीत करून टाकते. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकारही नको, त्यात नाड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

करड्या फरशीबद्दल माझे पूर्ण अनुमोदन. सगळे पांढऱ्या कागदावर फोटो काढायला सांगतात, मीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो, पण पांढरा बूट पांढऱ्या कागदावर हरवतो आणि काळा बूट त्यावर आणखी काळा होतो. करड्यावर दोन्ही सुखाने राहतात आणि कॅमेऱ्यालाही उजेडाचा अंदाज बरोबर येतो.

उत्तर २ (कुर्ला पूर्व, ठक्कर बाप्पा कॉलनीजवळून)

पॉलिशच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे, आणि यजमानांचेही अगदीच चूक नाही. चामड्याला तेल-मेणाची गरज असते, आणि कोरड्या चामड्याचा फोटो त्याच्यावर अन्याय करणारा असतो. बिनरंगी क्रीम पातळ लावा, दहा मिनिटे थांबून कापडाने पुसा आणि मग फोटो काढा. रंगीत पॉलिश ओरखड्यावर लावले तर तो महिनाभर झाकेल आणि नंतर घेणाऱ्याच्या पायात उघडा पडेल. ओरखड्याचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून द्या, आणि वर्णनात तो कोणत्या बुटावर व कुठे आहे ते एका ओळीत लिहा. घेणारा जोड घेऊन गटई कामगाराकडे गेला, तर एवढा ओरखडा तो रंग जुळवून बुजवून देतो, तेही लिहायला हरकत नाही.

फुटबॉलच्या स्टड्सचा फोटो तुम्ही अजून दाखवलेला नाही, म्हणून एवढे लक्षात ठेवा. वापरलेल्या स्टड्समध्ये गिऱ्हाईक सर्वांत आधी चवड्याखालचे खुंट पाहतो, कारण मुलगा वळताना सगळा भार तिथे येतो. बूट आडवा ठेवून फोन तळाच्या पातळीवर आणा, म्हणजे खुंटांची रांग एकापुढे एक दिसेल आणि टाचेचे खुंट व चवड्याचे खुंट यांची उंची एकाच फोटोत ताडून पाहता येईल. खुंट आणि तळ यांच्या सांध्यात भेग असेल तर ती हाताने किंचित ताणून धरून तिचा वेगळा फोटो घ्या. तशी भेग असेल तर तो जोड सामन्यासाठी देऊ नका; मैदानात खुंट निसटला तर मुलाचा पाय मुरगळतो.